तरंगायला शिकवणारे तारी सर

वर्गात शिरल्या शिरल्या तारी सर हजेरी घेत नसत. "तरंगतं कोण कोण?" एवढंच विचारत. मासेमारी करणाऱ्या ढिवरांची पोरं हात वर करत, बाकीची खिदळत. विज्ञानाच्या मास्तरांना ही कसली चौकशी, असं आम्हा बाकीच्या शिक्षकांनाही वाटायचं.

माणूस मालवणकडचा, समुद्रातल्या जिवांचा अभ्यास केलेला, आणि नोकरी लागली कुठे, तर विदर्भातल्या आमच्या नवेगाव बांधला! इथल्या पोरांना समुद्र दिसतो तो टीव्हीत. सरांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी मासे घ्यायचे, गावाहून आलेली कोकमाची सोलं टाकून कालवण करायचे आणि मला हाक मारायचे. "मासे काय हो, मिळतात. जेवायला समोर माणूस लागतं." मी गेलो नाही तर ते उभ्यानंच जेवून घेतात, असं घरमालकीण सांगायची.

शनिवारचा तास तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावर, भरे. तो त्यांनी स्वतः आखला होता. आधी पाण्यातले जीव, मग त्याच पाण्यात आपला जीव. शिंगाड्याचा फुगीर देठ चिरून दाखवायचे. "हवा बघ. हिच्यावर पानं तरंगतात. तुझ्या छातीत याहून जास्त आहे, मेल्या! ओरडून घालवू नको, उताणा पड." पाठीखाली त्यांचा हात असायचा. भरती-ओहोटी, खेकडे, सगळं ते तिथंच सांगत. मलाही त्यांनी असंच बळंबळं तरंगायला लावलं.

मुली मात्र पाळीवर पोरांचे कपडे सांभाळत बसायच्या. सरांना ते फार लागायचं. आमच्याकडे भाताच्या रोवणीला मुली दिवसभर चिखलात असतात आणि सांजेला हातपाय धुवायला बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, उतरतात. पाय घसरतो तो तिथंच. सर घरोघर गेले. वर्गातल्या एका मुलीची आई, सुमनबाई, दारातच कडाडली, "पोट्टीले पाण्यात कायले नेता, सर? वल्ल्या कपड्यानं गावात फिरन का ते?"

"रोवणीला भिजते ना?"

"ते काम होय!"

"बाई, पोहायचे कपडे घालून कोणी बुडत नाही. अंगावरच्या कपड्यांतच शिकवतो. तुम्ही पाळीवर बसा."

तिनं दार लावून घेतलं. दरवर्षी ते पुन्हा जात, दरवर्षी दार लागे. सर निवृत्त झाले तोवर एकही मुलगी पाण्यात उतरली नव्हती. सौंदडच्या स्टेशनवर निरोपाला मी एकटाच. "बुडाला त्याची बातमी होते, वाचला त्याची होत नाही. मग ह्या कामाला सोबत कुठून मिळणार?" एवढं बोलून ते गाडीत बसले.

शनिवारचा तास मी कसाबसा चालू ठेवला. यंदा रोवणीत शेजारच्या गावची एक पोरगी बोडीत बुडून गेली. त्यानंतरच्या शनिवारी पाळीवर सुमनबाई उभी, सोबत तिची मुलगी आणि गल्लीतल्या आणखी चार-पाच.

"सर कुठी हायेत?"

"गेले, बाई. आपल्या गावी."

"मंग आता कोन शिकवन?"

मला तिचा रागही आला आणि रडूही. मी तिथूनच सरांना फोन लावला. "सर, पोरी आल्यात. सुमनबाई घेऊन आली. पण फार उशीर झाला हो."

"तिची मुलगी जिवंत आहे ना? मग उशीर कसला! उतरा पाण्यात. येतं तुम्हाला."

मी फोन बंद करणार, तोच ते घाईनं म्हणाले, "ठेवू नका! फोन सुमनबाईंच्या हातात द्या. इथं दारात समुद्र आहे हो, पण घरात आवाज नाही. पोरींचा ओरडा तरी ऐकू दे थोडा."