कर्णाकडे काही उरलं नव्हतं तेव्हा

माझी शेवटची पोस्टिंग नागपूरला आली. मी उमरेडचा. अर्धी नोकरी ईशान्येच्या डोंगरांत काढल्यावर घरापासून एसटीने जाता येईल अशी ड्यूटी मिळाली, याचं मलाच नवल वाटलं. मी वायुदलात वॉरंट ऑफिसर होतो, काम हेलिकॉप्टरच्या हायड्रॉलिक्सचं. पायलटच्या हाताला बळ देणारं तेल गळू द्यायचं नाही, एवढीच माझी नोकरी.

हे तेल लालभडक असतं. आमची हेलिकॉप्टरं परदेशी, त्यांची रबरी सीलंही परदेशी. वस्तू अंगठीएवढी, पण ती नसली की एवढं मोठं धूड जमिनीवर बसून राहतं. ज्या देशातून सील यायचं तो लढाईत अडकला आणि पार्सलं थांबली. मग आम्ही एका हेलिकॉप्टरचे भाग काढून दुसऱ्याला लावू लागलो. हँगरच्या कोपऱ्यात असं एक कायम उभं असायचं. त्याला आम्ही कर्ण म्हणायचो. मागेल त्याला देऊन देऊन त्याची कवचकुंडलं कधीच गेली होती.

त्या हिवाळ्यात नागपूरला एअर शो ठरला. चार हेलिकॉप्टरं एकत्र येणार, आणि लोकांसमोर चौथं वेगळं होऊन एकटंच वर जाणार. ड्यूटीवर जीव गमावलेल्यांना ती सलामी असते. त्यांच्यात सार्जंट प्रभाकर होता, माझा दोस्त, ईशान्येत माझ्याच हँगरमधला, कुहीजवळच्या धानाच्या गावचा. एका डोंगरी चौकीवर औषधं पोचवायला निघालेलं त्याचं हेलिकॉप्टर ढगांत कड्यावर आदळलं. आतलं कुणीच वाचलं नाही.

त्याची आई, अनसूयामावशी, आदल्या वर्षी दुसऱ्या शहरात ही सलामी बघायला आली होती. सील नव्हतं म्हणून चौथं उडालंच नाही. तिघांनी चक्कर मारली आणि कार्यक्रम संपला. मावशी जेवणाचा डबा पिशवीत भरत राहिली. ते मला फार लागलं होतं.

या वेळी तिने फोनवर एवढंच विचारलं, "चारही येतीन नं गा, बाबू?"

"येतीन, मावशी," मी सांगून टाकलं.

शोच्या आदल्या सकाळी तालीम झाली. उतरल्यावर चौथ्याच्या पोटाखाली लाल थेंब दिसला. सील गेलं होतं. स्टोअरमधून उत्तर आलं, "नॉट अव्हेलेबल." कर्णाकडे गेलो, तर त्याचंही सील आम्हीच मागे काढून नेलं होतं.

एकच वाट उरली होती. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत मीनल नावाच्या इंजिनिअर मुलीचा रबराचा कारखाना आहे. तिने आमचं सील बनवायला घेतलं होतं. किती वेळा नापास झालं, किती वेळा तिने पुन्हा केलं. शेवटी मंजुरी मिळाली आणि पहिली खेप आमच्या कपाटात आली. पण कुठून तरी काढलेलं परदेशी सील मिळतंय तोवर त्या खेपेला हात लावायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हतो. आता मीच ते बसवलं आणि मीनलला बोलावून घेतलं.

आमच्या कमांडिंग ऑफिसरनी, सीओंनी, मला विचारलं, "उड़ेगा?"

"उड़ेगा, सर."

"आप बैठेंगे?"

"बैठूँगा, सर."

हा आमच्या युनिटचा रिवाज. ज्याने पार्ट बसवला, त्याने एअर टेस्टला, म्हणजे चाचणीच्या उड्डाणाला, आत बसायचं. मीनलला तो माहीत नव्हता.

"काका, तुम्ही काहून बसता? टेस्ट बेंचवर पास झालंय नं."

"बेंचवर माणूस बसत नाही, मीनल."

ती म्हणाली, "मी इथंच थांबते."

"टॉवर, नंबर फोर, रेडी फॉर एअर टेस्ट."

"नंबर फोर, क्लिअर्ड."

वर गेल्यावर मी सीटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला, खोटं कशाला बोलू. पेन्शन तोंडाशी आली होती. पायलटने हेलिकॉप्टर एका कुशीवर घातलं.

"प्रेशर?"

"स्टेडी, सर."

"वन मोर?"

"वन मोर, सर."

खाली उतरल्यावर मी पांढऱ्या धोतराचा तुकडा काढला. ही सवय प्रभाकरची. सुट्टीवरून येताना तो वडिलांच्या जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे आणायचा. त्यावर लाल डाग लगेच दिसतो. वायुदल याच्या बापाच्या धोतरावर उडतंय, असं आम्ही चिडवायचो. पुढे सगळ्यांनीच तसे तुकडे वापरायला सुरुवात केली. मी सीलच्या जागी पुसलं. तुकडा पांढराच निघाला. मीनलने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि तिथंच काँक्रीटवर बसून हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या शेजारी बसली होती. हेलिकॉप्टरं आली तशी ती बोटांवर मोजू लागली. चार झाल्यावर तिने माझा हात धरला. मैदानासमोर चौथं वेगळं झालं आणि एकटंच वर गेलं. लाउडस्पीकरवर नावं वाचली गेली. प्रभाकरचं नाव आलं तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"तो कुठं जाऊन राहिला, बाबू?"

"एक फेरी मारून परत येते, मावशी."

"मंग मी थांबतो."

गर्दी ओसरली तरी ती हलली नाही. सीओंच्या परवानगीने मी तिला चौथ्यापाशी नेलं. तिने पिशवीतून धोतराचा धुतलेला तुकडा काढला. "त्याच्या बापाचं हाय. घरी पडून होतं." मी जागा दाखवली. तिने हळूच पुसलं, तुकडा उन्हात धरून पाहिला.

"कोरडं हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माह्या पोराचं कोरडं होतं का गा?"

इतक्या वर्षांत तिने हे कधीच विचारलं नव्हतं.

"होतं, मावशी. त्या सकाळी मीच पुसलं होतं. ढग लागला."

तिने हेलिकॉप्टरच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग तुकड्याची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मंग हे ठेव," ती म्हणाली. "उद्याबी उडायचं असन याले."