बाजारभावाची वीज

डेल्बर्ट फुर्ताडो हा जन्माचा घाबरट माणूस. भुताखेतांना, कुत्र्यांना किंवा बायकोला तो घाबरत नसे. तो घाबरायचा बिलांना. पत्रपेटीतून पाकीट काढताना त्याचा चेहरा असा उतरायचा की समोरून जाणाऱ्याला वाटावं, घरात कोणी गेलं की काय. हेवर्ड गावातल्या सगळ्या सरकारी शाळांची कुलपं बसवण्या-उघडण्यात त्याचा जन्म गेला. पोरांनी च्युइंगम कोंबलेलं कुलूपसुद्धा त्याच्या हाताखाली निमूटपणे उघडायचं. कामाचं त्याला कधी भय वाटलं नाही. महिन्याच्या शेवटी काय उरेल, याचं मात्र वाटायचं.

निवृत्त झाला आणि हे भय मोकाटच सुटलं. पेन्शन जागच्या जागी, भाव मात्र चढते, आणि त्या पेन्शनवरही कॅलिफोर्निया राज्य आपला आयकर कापून घेणार. निरोपसमारंभात कामावरच्या एका सोबत्यानं सहज सांगितलं, "अरे, टेक्सासला राज्याचा आयकरच नाही!" त्या संध्याकाळी डेल्बर्टनं केकसुद्धा नीट खाल्ला नाही.

पुढची दोन वर्षं त्यानं तुलना केली. टेक्सास, टेनेसी, नेवाडा. कुठे घर काय पडतं, कुठे पेट्रोल, कुठे दूध. इंटरनेटवरच्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून तो थेट टेक्सासातल्या दुकानांना फोन लावायचा आणि डझनभर अंड्यांचा आजचा भाव विचारायचा. न्हाव्याला विचारलं, दातवाल्याला विचारलं, एकदा तर अंत्यविधीचं सामान देणाऱ्यालाही विचारलं.

"तिकडे राहायला चाललायस की दुकान टाकायला?" त्याची बायको लॉरेन कपाळाला हात लावून म्हणायची.

लॉरेनची आई इदालीना त्यांच्याकडेच असे. वय ऐंशीच्या पुढे. ती अझोर्स बेटांवरून पोरवयात आलेली, आणि पीच डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तिची हयात गेलेली. शवपेटीच्या भावाचं ऐकून ती म्हणाली, "जावईबापू, माझी ना? मग जरा रुंद बघ हो. मला कुशीवर झोपायची सवय आहे."

म्हातारीची फुप्फुसं कामातून गेली होती. तिच्या पलंगाशेजारी हवेतला प्राणवायू गोळा करून देणारं यंत्र रात्रंदिवस घरघरत असे. त्याची नळी तिच्या नाकाला लावलेली. नळी निघाली किंवा यंत्र थांबलं, की थोड्या वेळात तिचे ओठ निळे पडायचे आणि ती बोलता बोलता गळून जायची. तेव्हा त्या घरात यंत्राचा आवाज हा घरच्या माणसासारखाच झाला होता. त्या आवाजात झोप लागायची, तो नसता तर जाग आली असती.

शेवटी टेक्सास ठरलं. हेवर्डचं घर विकून त्यांनी फोर्ट वर्थच्या दक्षिणेला बर्लसनमध्ये त्याच्या दुप्पट मोठं घर निम्म्या किमतीत घेतलं. पहिले चार दिवस डेल्बर्ट खोल्यांतून नुसता फिरत होता. मग घरपट्टीचं पाकीट आलं आणि त्याचं धाबं दणाणलं.

समोर राहणाऱ्या रूबी नेल हॅचर या बाईंना तो चेहरा बघूनच कळलं. सत्तरी ओलांडलेल्या, दोन कुत्री बाळगणाऱ्या, कुणालाही तोंडावर बोलणाऱ्या. त्यांनी त्याचं नावच 'कॅलिफोर्निया' ठेवलं होतं.

"काय रे कॅलिफोर्निया, आयकर नाही म्हणून आलास ना? मग राज्य काय हवेवर चालतं? एका खिशातून नाही, तर दुसऱ्या खिशातून काढतात, बाबा."

डेल्बर्ट कसनुसा हसला. घरपट्टीचा खड्डा कुठून तरी भरून काढायलाच हवा होता. तो त्यानं विजेतून भरायचं ठरवलं.

हेवर्डला विजेची कंपनी एकच. ती देईल ती वीज आणि सांगेल तो भाव. टेक्सासात मात्र कंपन्याच कंपन्या, आणि ज्याची त्यानं आपली निवडायची. तुलना करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? त्यानं सगळ्यात स्वस्त योजना वर आणली आणि घेतली. तिच्यात बांधलेला दर नव्हता. ज्या भावानं कंपनी घाऊक बाजारातून वीज घेईल, त्याच भावानं ती गिऱ्हाइकाला. हिवाळ्यातल्या दुपारी तर ती जवळजवळ फुकटच पडायची. फोनवर दर तासाचा भाव दिसायचा आणि तो घरभर मोठ्यानं सांगत फिरायचा, "आता उतरला! कपडे धुवायला लावा!" बाकी सारा गाव वर्षभराचा दर बांधून का घेतो आणि चार पैसे जास्त का मोजतो, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. अंड्यांसाठी इतके फोन केले, यासाठी एकही नाही.

फेब्रुवारीत थंडी आली. तिथल्या लोकांनीही अशी थंडी पाहिलेली नव्हती. रस्त्यांवर बर्फाची काच झाली. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला जाणारी लॉरेन तिथेच अडकली. "आईकडे लक्ष दे," एवढंच ती फोनवर म्हणाली. सगळीकडे विजेची मागणी वाढली, वीजकेंद्रं गोठून बंद पडू लागली आणि बाजारातला भाव वर निघाला.

डेल्बर्टनं सकाळी फोन पाहिला तर भाव दसपट. त्याला वाटलं, फोनच बिघडला. तासाभरानं पाहिलं तर आणखी वर. घर तापवायचं यंत्रही विजेवरचंच. त्यानं पाणी तापवायची टाकी बंद केली. दूध-लोणी ओसरीवर ठेवून फ्रिज बंद केला. दिवे बंद केले. घराची ऊब कमी केली, मग आणखी कमी केली. आणि सवयीप्रमाणे तो भाव मोठ्यानं सांगत होता.

"तीसपट झाला! पन्नासपट! देवा रे, हे काय चाललंय!"

आतल्या खोलीत तीन पांघरुणांखाली इदालीना ते सगळं ऐकत होती.

दुपारी रूबीबाई दोन कोट चढवून आल्या. त्यांच्या बाजूची वीज पहाटेच गेली होती. डेल्बर्टची बाजू अग्निशमन केंद्राच्या तारेवर, आणि ती तार बंद करत नसत, म्हणून तिकडची वीज शाबूत होती.

"हात शेकून घेते जरा," त्या म्हणाल्या. मग त्याचं तोंड बघून, "तुला रे काय झालं? तुझ्याकडे तर वीज आहे."

त्यानं फोन पुढे केला. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ पाहिलं.

"दर बांधून नाही घेतलास?"

"हा स्वस्त होता."

"अरे वेड्या! हे म्हणजे... मला आधी विचारलं असतंस तर! इथे शेंबडं पोरही दर बांधून घेतं." मग त्यांनाच हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "बघ कशी गंमत. माझ्याकडे दर आहे आणि वीज नाही. तुझ्याकडे वीज आहे आणि... जाऊ दे. नळ थेंब थेंब चालू ठेव, नाही तर पाइप फुटतील. म्हातारी कशी आहे?"

"बरी आहेत."

"तिला ऊब दे. बिलाचं नंतर बघू. मी संध्याकाळी कुत्र्यांना घेऊन येते, ती बिचारी काकडताहेत."

त्या गेल्या आणि भाव शंभरपटीवर जाऊन थांबला. एरवी ज्या पैशात तीन महिन्यांचं बिल निघायचं, तेवढे एका दिवसात जात होते. डेल्बर्टच्या डोळ्यांसमोर आख्खी पेन्शन, मग बँकेतली शिल्लक, मग हे दुप्पट मोठं घर, एकामागून एक वितळत गेलं. हेवर्डचं घर विकलेलं, म्हणजे परत जायलाही जागा नाही.

त्यानं सूप गरम केलं आणि सासूबाईंच्या खोलीत नेलं. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात फोन. म्हातारीनं विचारलं, "केवढ्यावर गेला रे?" त्यानं सांगितलं. सांगताना त्याची नजर पलंगाशेजारच्या यंत्रावर गेली. ते आपलं घरघरत होतं. त्याच्या डोक्यानं आयुष्यभराच्या सवयीनं आकडेमोड केली: याला तासाला किती, दिवसाला किती. मुद्दाम नाही केली. डोळ्याची पापणी लवावी तशी ती झाली. खरं तर ते यंत्र घर तापवण्यापुढे काहीच खात नव्हतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण तो पाहत राहिला, जरा जास्तच वेळ. आणि मान वर केली तेव्हा म्हातारी त्याच्याकडेच बघत होती.

त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्यानं वाटी ठेवली आणि तो बाहेर आला. तेव्हाच सांगायला हवं होतं, 'आई, हे काही खात नाही.' एवढं एक वाक्य. ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

मोरीतल्या पाइपांना जुने टॉवेल गुंडाळत तो बराच वेळ बसला. बोटं बधिर झाली. उठून तो दिवाणखान्यात आला आणि दारातच थबकला. काहीतरी चुकत होतं, काय ते कळेना. मग कळलं. घर गप्प होतं.

वीज गेली, असं त्याच्या मनात आलं, आणि खोटं कशाला सांगू, अर्धा क्षण त्याला सुटल्यासारखंही वाटलं. पण भिंतीवरच्या घड्याळाचे लाल आकडे जळत होते.

तो धावला. इदालीना उशीवरून घसरली होती. ओठ निळे, नखं जांभळी, हातात जपमाळ. यंत्राचं बटण खाली केलेलं होतं. पलंगावरून हात लांबवून तिनं स्वतःच ते केलं होतं.

"आई! आई!" त्यानं बटण वर केलं. यंत्र कुरकुरत सुरू झालं, पण त्यात पुरेसा प्राणवायू जमायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढी मिनिटं कुठून आणायची? कोपऱ्यात अडीअडचणीचा छोटा सिलिंडर होता. त्यावरची किल्ली फिरवायची, बस. साऱ्या गावाची कुलपं उघडणाऱ्या माणसाला ती किल्ली फिरेना. बोटं घसरत होती, तो रडत होता, शिव्या देत होता, कधी देवाला तर कधी टेक्सासला. दातांत बाही धरून त्यानं तळव्यानं ती रेटली, तेव्हा फस्स् करून हवा आली. नळी तिच्या नाकाला लावून, तिला उठवून बसवून तो तिच्या पाठीमागे टेकू देऊन बसला. रुग्णवाहिकेला फोन लावला. रस्ते काचेसारखे आहेत, वेळ लागेल, तोवर बोलत राहा, असं तिथून सांगण्यात आलं.

काय बोलणार? तो अंड्यांचे भाव बोलत राहिला. दुधाचे, पेट्रोलचे, हेवर्डचे, इथले. दुसरं त्याला काही येतच नव्हतं. एवढा भ्यालेला माणूस मी दुसरा ऐकलेला नाही.

हळूहळू ओठांचा निळेपणा उतरला. म्हातारीनं डोळे उघडले, खोकली, आणि त्याच्या हातावर हात ठेवला. डेल्बर्टच्या जिवात जीव आला.

"आई, हे काय केलंत?"

"थोडाच वेळ ठेवणार होते रे," ती एकेक शब्द सोडत म्हणाली. "म्हटलं, तेवढाच खर्च वाचेल. डुलकी कधी लागली, कळलंच नाही."

"आणि हा सिलिंडर? तो तरी लावायचात!"

"तो खरंच वीज जाईल तेव्हासाठी."

"अहो, पण हे यंत्र काही खात नाही! खाते ती घराची ऊब!"

"मला नको शिकवूस. हेवर्डला डॉक्टरची चिठ्ठी देऊन याच्या विजेची सवलत नव्हती का घेतलीस? सवलत काय उगाच देतात? सगळ्यात जास्त खात असणार, म्हणूनच ना? आणि आवाज केवढा करतं."

"पण मी तुम्हाला बंद करा म्हटलं होतं का?" तो जवळजवळ ओरडलाच.

इदालीनानं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"तोंडानं नाही म्हणालास," ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. बाहेर बर्फ पडतंय असं सांगावं, तसं म्हणाली. डेल्बर्टला 'नाही' म्हणायचं होतं, शपथ घ्यायची होती. पण त्यानं आकडेमोड केली होती आणि ती तिला दिसली होती. यावर काय शपथ घेणार?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लॉरेन होती.

"आई कशी आहे रे? मला सकाळपासून उगाच धाकधूक होतेय. दे जरा तिला."

त्यानं फोन म्हातारीच्या कानाशी धरला. आता ती काय सांगेल या भीतीनं त्यानं डोळे मिटून घेतले.

"मी अगदी ठीक आहे गं," इदालीना म्हणाली. "सूप प्यायले. रुग्णवाहिका बोलावलीय यानं, उगाच, जरा धाप लागली म्हणून. तू नको घाबरूस. डेल्बर्टनं माझ्यासाठी काही म्हणता काही कमी केलं नाही हो. पैशाकडे पाहिलंसुद्धा नाही."

डेल्बर्टनं फोन ठेवला, आणि पुढे होऊन तिच्या नाकाची नळी पुन्हा एकदा नीट केली. ती आधीच नीट होती.