भिंतीकडे तोंड करून

सुलूताई समोरच्याकडे पाठ करून बोलत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं, एक ठेंगणं स्टूल भिंतीशी सरकवून "बसा" म्हणाल्या आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर भिंतीकडेच तोंड करून बसल्या. समोर पतपेढीचं कॅलेंडर होतं. आम्ही दोघी त्या कॅलेंडरशी बोलत होतो म्हणा ना. मागे खोलीभर मांजरं आहेत हे मला नुसतं कानांनी कळत होतं. मी मान वळवायला गेले तशा त्या म्हणाल्या, "नका हो बघू. आपण बघितलं की त्यांना वाटतं, आता ही धरणार."

इरा, निषाद, तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा आपल्या मागच्या खोलीत तसंच एक ठेंगणं स्टूल भिंतीशी सरकवून ठेवलेलं दिसेल. ते कुणी शिकवलं हे तुम्हांला ठाऊक असावं, म्हणून हे लिहिते आहे. सुलूताईंना तुम्ही पाहिलेलं नाही. पण मला त्यांच्याकडे धाडलंत तुम्हीच. "आजी, ही घे ना" असं लिहून तिकडून परदेशातून, त्यांच्या मांजराचा इंटरनेटवर सापडलेला फोटो पाठवला होतात. फोटोत एक खोका होता आणि खोक्यात दोन डोळे. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. मला मांजर हवं नव्हतं आणि नको होतं असंही नव्हतं. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, ते सुचेना. म्हणून गेले.

सुलूताईंनी नोकरी टेलिफोन खात्यात केली. ट्रंक कॉल होते तोवर त्या रत्नागिरीच्या एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लाइनी जोडत. पुढे बिलांच्या खिडकीवर बसल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर रस्त्यावरची जखमी, टाकलेली मांजरं घरी आणून बरी करायची आणि चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळायची, हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. मांजरांना त्यांनी नावं दिली होती ती जुन्या लाइनींची. लांजा नावाचा एक गलेलठ्ठ बोका होता. देवरूख आणि राजापूर सख्ख्या बहिणी. फोटोतल्या मांजरीचं नाव गुहागर.

"गुहागर का?" मी विचारलं.

"मेली गुहागरची लाइन कधी वेळेवर लागली नाही. माणसं माझ्यावर ओरडायची. पण लागली की अशी स्वच्छ, माणूस शेजारी येऊन बसल्यासारखं."

ही गुहागर पिल्लू असताना हातखंब्याला, हायवेच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या टायरांत सापडली होती. ट्रकचे हॉर्न ऐकत वाढलेली. कप ठेवल्याचा आवाज झाला तरी कपाटामागे जाई. दोन घरांतून परत आली होती. सुलूताईंचा नियम होता, नाही जमलं तर मांजर बिनबोभाट परत आणावं. त्या घेत, आणि बोल लावत नसत.

मांजर देण्याआधी त्यांनी माझी एक साडी मागितली. टोपलीत घालायची, म्हणजे तिला माझा वास ओळखीचा होईल. मी चांगली मऊ सुती साडी पाठवली. संध्याकाळी फोन आला. मी बँकेत होते हे कळल्यापासून त्या मला मॅडम म्हणत.

"मॅडम, ही साडी इस्त्रीवाल्याची आहे. तुमची पाठवा."

मी साडी धुऊन, इस्त्री करून पाठवली होती. दुसऱ्याच्या घरी वापरलेली साडी कशी पाठवायची? मग घरात न धुतलेलं काय आहे ते बघायला गेले, तर काहीच नव्हतं. आजोबांचे कपडे मी तेराव्याच्या आत धुऊन, घड्या करून देऊन टाकले होते. त्यांच्या उशांचे अभ्रेसुद्धा. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मी अंगावरची साडी दोन दिवस नेसले आणि तीच पाठवली.

गुहागर आली आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाखाली गेली. मी वाटीत मांदेली मासळी उकडून ठेवी, सकाळी वाटी रिकामी असे. यापलीकडे घरात मांजर आहे याचा पुरावा नव्हता. सुलूताईंनी सांगितलं होतं, रोज तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि काहीतरी बोलत राहायचं. मी दिवेलागणीनंतर भिंतीकडे तोंड करून पेपर मोठ्यानं वाचू लागले. आंब्याचे भाव, निविदा, शोकसंदेश, सगळं. आनंद नव्हता, कंटाळाही नव्हता. करायचं म्हणून करत होते, जसं बाकीचं सगळं करत होते.

सुलूताई अधूनमधून येत. आल्या की माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसत. आजोबा गेल्यापासून जो येई तो माझ्या चेहऱ्याकडे बघे. मी रडते का, रडत कशी नाही, ते शोधत असे. सुलूताई बघतच नसत. म्हणून एकदा मी त्यांना विचारलं. आजोबा जहाजावर होते तेव्हा मुंबई बंदरात उतरले की इथे रत्नागिरीत आपल्या शेजारच्या दुकानात मला ट्रंक कॉल करत. त्यांचा आवाज सुलूताईंनी ऐकला असणार. आठवतो का?

 त्या खरंच आठवून बघत होत्या.

"नाही वहिनी. हजारो आवाज होते. नाही आठवत."

आठवतो म्हणाल्या असत्या तर मला दोन दिवस बरं वाटलं असतं. नाही म्हणाल्या, तेव्हापासून त्यांचं प्रत्येक बोलणं मला खरं वाटू लागलं. आणि त्या दिवसापासून मी मॅडमची वहिनी झाले.

पाऊस येऊन गेला, भातं कापून झाली, तरी गुहागर कपाटाखालीच. मी कुरकुर केली की त्या म्हणत, "लाइन लागत नाही म्हणून कुणी तार कापत नाही, वहिनी." पण मला वाटू लागलं, या मांजरीला कुणीतरी जिवंत माणूस मिळायला हवं. माझ्याकडे तिचं पोट भरत होतं, बाकी काही नाही. परत द्यायचं ठरवून मी सांगायला गेले.

दार उघडं होतं. खोलीत एकही मांजर नव्हतं. पिंजरे दुमडून एकावर एक ठेवलेले. लांजासुद्धा कुणाकडे तरी गेला होता. सुलूताई बारीक झाल्या होत्या. मी शेजारी बसूनही इतके दिवस ते पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, उपचारांना मुंबईला जायचंय, डोंबिवलीला भाचीकडे राहीन. सगळ्यांना घरं मिळाली. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी सांगायला आलात."

त्यांनी गुहागर परत घेतली असती. शब्द दिला होता. फक्त तिला ठेवायला आता त्यांना जागा नव्हती.

मी म्हटलं, "मांदेली किती वेळ उकडायची ते विचारायला आले."

"एवढ्यासाठी चढ चढून आलात?"

"हो."

त्या हसल्या. मग उठल्या आणि पलंगावरची आपली सोलापुरी चादर काढून माझ्या हातात दिली. "ही तिच्या कपाटाशी घाला. माझ्या वासाची आहे. धुवू नका. तुमचा काही भरवसा नाही."

मुंबईहून त्या फोन करत. माझ्याशी थोडं बोलून झालं की म्हणत, "आता मला कपाटाजवळ ठेवा." मी फोन चादरीवर ठेवून स्वयंपाकघरात जाई. त्या काय बोलत ते मी कधी ऐकलं नाही. पुढे आवाज बारीक होत गेला, आणि एका सकाळी भाचीचा फोन आला.

मी चहाची भांडी घासली. पेपर आला होता, तो घडी करून ठेवला. मला काही वाटलं नाही, हे तुम्हांला खरं सांगते. संध्याकाळी स्टुलावर जाऊन बसले. पेपर उघडावासा वाटेना, म्हणून भिंतीलाच सांगितलं, "सुलूताई गेल्या गं."

बऱ्याच वेळानं मागे चादरीवर काहीतरी हललं. मग माझ्या कमरेला मागून ऊब लागली. वाकून तिरप्या नजरेनं पाहिलं, तर गुहागर बसली होती. तीही माझ्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून. पाठीला पाठ लावून आम्ही बसलो. दिवा लावायचा राहिला, तो राहू दिला.

आता ती रोज तशी बसते. त्यापुढे गेलेली नाही, मीही गेलेले नाही. तुम्ही याल तेव्हा धावत तिच्या खोलीत जाऊ नका. आळीपाळीनं स्टुलावर बसा, भिंतीकडे तोंड करून, आणि तुमच्या शाळेतलं काहीही सांगत राहा. इंग्रजीत सांगितलंत तरी चालेल. आणि कपाटाशी एक मळकी चादर दिसेल. तिला केस लागलेत, वासही येतो. तुमची आई ती मशीनला लावायला निघेल. तिला सांगा, आजीनं नको म्हटलंय.