दोन पाण्यांमधली चढण

स्कोलास्टिकाचे गुडघे आता टेकडीचं नाव काढलं तरी दुखत. बुगनव्हिल बेटावरच्या तिच्या गावाच्या पायथ्याशीच नदी होती. तरीही बायका सागू माडाच्या खोडाचा गर धुवून पीठ काढायला टेकडीपलीकडच्या ओढ्यावर जात. तो ओढा चुनखडीच्या कड्यातून यायचा. नदीच्या उगमाकडे तांब्याची खाण निघाली, तेव्हापासूनची ही पायपीट. खाण बंद पडली, त्या वेळची पोरं बाप झाली, पायपीट काही सुटली नाही.

या खेपेचं झाड तिच्या बहिणीने, बेनेडिक्टाने, लावलेलं होतं. बेनेडिक्टा गेली. तिचं सुतक सोडवायच्या जेवणाला याच झाडाचं पांढरं पीठ हवं होतं, आणि दुसरं झाड तयार नव्हतं.

"मावशी, राहू दे ती टेकडी," बेनेडिक्टाची लेक लुडविना म्हणाली. "नदी बघ, कशी काचेसारखी झालीय."

"एखादा मासा दाखव बरं तिच्यात."

"तुला बघून पळाले असतील."

स्कोलास्टिका हसली. खरं तर आज तिला हरायचंच होतं. किसलेल्या गराच्या टोपल्या काठावर उतरल्या, लुडविनाने बादली भरून आणली. कामाला लागण्याआधी सुपारी चघळावी म्हणून म्हातारी दगडावर टेकली. तिने चुना ठेवायचा वाळका भोपळा उघडला, पण तो हातातून कलंडला आणि बराचसा चुना बादलीत सांडला.

नितळ पाण्यात तांबूस ढग उठला. गंजासारख्या गुठळ्या होऊन तो तळाशी बसू लागला.

"अगं बाई! हे कुठून आलं?"

"यातच होतं. तुझे काका खाणीत होते ना, ते सांगायचे. डोंगर पावसाने झिजतोच, पण सावकाश. खाणवाल्यांनी फोडून त्याचा भुगा करून ठेवला. त्यावरून पाणी आलं की आंबट होतं, आणि आंबट पाण्यात लोखंड, तांबं विरघळून दिसेनासं होतं. चुन्याने आंबटपणा मारला, की दिसायला लागलं सगळं."

लुडविना बादलीकडे बघत राहिली. "आणि हे मी आईच्या जेवणात..."

"तू एकटी कुठे? मीही इथेच धुवायला बसले होते की."

लुडविनाने बादली ओतून दिली आणि दोन्ही टोपल्या काठीला अडकवून खांद्यावर घेऊन ती टेकडीकडे वळली.

"तू काही उचलू नकोस मावशी. नुसती चाल."

"तेच तर होत नाही गं," स्कोलास्टिका म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात रेटून उठली.