जंत सापडल्याचे पेढे

जून १९८९, सोमवार. हजर: डॉक्टर, मी, साफसफाईच्या मावशी आणि आमचे टेक्निशियन काका. काका जिना चढून आले, दाराशी थांबून सात वेळा शिंकले आणि रोजच्यासारखं म्हणाले, “सुखी तो, ज्याच्या पोटात जंत.”

काकांना दमा होता. ठाकुर्लीहून आमच्या कोपरीच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत छाती शिट्टी वाजवायची. वर्षानुवर्षं मायक्रोस्कोपखाली लोकांचे नमुने पाहून त्यांनी ताडलं होतं, की जंतवाले सहसा शिंकत नाहीत.

“भाडेकरूला टिकायचं तर मालकाला थंड ठेवायला हवं ना, ताई? जंत आत कसलासा रस सोडत असणार, त्यानं अंगाचा भडका शमतो. मला जंत नको, नुसता रस द्या. एक दिवस बाटलीत मिळेल बघा.”

बाटली येईपर्यंत ते दर महिन्याला स्वतःचा नमुना मोठ्या आशेनं तपासत.

त्या सोमवारी सगळ्या स्टाफची तपासणी होती. अकराला काका मायक्रोस्कोपवरून उठले, खाली गेले आणि पाव किलो पेढे घेऊन आले. स्वतःच्या पोटात जंतांची अंडी निघाली म्हणून पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मावशींनी आधी हात धुतलेत का ते विचारलं, मगच पेढा घेतला. आठवडाभर काकांनी दम्याचा पंप ओढला नाही. जिना दोनदा चढून दाखवला.

डॉक्टर नियमाचे पक्के. गोळी देण्याआधी नमुने पुन्हा घेतले. काका स्वच्छ निघाले. अंडी डॉक्टरांच्या डबीत. पहिल्या वेळी नावाच्या चिठ्ठ्या मी डब्यांऐवजी झाकणांना चिकटवल्या होत्या, आणि झाकणांची अदलाबदल झाली होती.

मी चूक कबूल केली. काकांनी खिशातून पंप काढला. उभ्या जन्मात न शिंकलेले डॉक्टर गोळी हातात घेऊन उभे होते.

“साहेब, महिनाभर राहू द्या की त्या जंताला,” काका म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी गिळली. काका माझ्याकडे वळले. “आता यांना शिंका येतात का, तेवढं लिहून ठेवा. चूक तुमची, काम तुमचं.”

त्याच हिवाळ्यात काका दम्यानं गेले.

डॉक्टर हल्ली अधूनमधून रुमाल शोधतात. धूळ असेल, वयही असेल. वहीत मी त्यांचं नाव लिहिलं, गोळीची तारीख घातली. पुढचा शिंकांचा रकाना कोरा आहे. त्यांना सरळ विचारायला हवं. अजून विचारलेलं नाही.