पुलावरचा म्हातारा

सांगलीत टीव्ही दुरुस्त करणारे म्हसवडकडचे एक गृहस्थ आपल्या दुकानात दुपारी एक जपानी व्हिडिओ गेम खेळत बसायचे. त्यातली अक्षरं वाचता येईनात, म्हणून त्या गेमची कॅसेट कुणीच घेत नसे. यांनी मात्र नुसत्या वागण्यावरून त्यातली माणसं ओळखली होती.

"ही पोरगी बोलत न्हाई, पर जखमा हीच बांधती. म्हातारा लय भांडखोर हाय बगा."

एकदा दुकानात गेलो, तर खेळ थांबलेला. म्हातारा पुलावर शत्रूसमोर एकटाच उभा होता.

"बटन का दाबत नाही?" मी विचारलं.

"दाबलं की त्यो मरतोय. मागल्या खेपंला बगितलंय. पर त्याबिगर बाकीची सुटत न्हाईत."

थोड्या वेळानं त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि बटन दाबलं.