गोधडीला ठोकलेले खिळे

आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला जी बाई धवले गाते, ती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिचं गाणं उरलंय ते फक्त माझ्या मोबाईलमध्ये, एका मांडवात बसून मी सहज रेकॉर्ड केलेलं. बाबांना ते ऐकायचं होतं. मी मोबाईल काढला की दादा म्हणायचा, "थांब गं, त्या डबड्यावर नको. नवे स्पीकर येऊ देत. माझ्या पोरीच्या हळदीत पण तोच धवला लावू." बाबा बिचारे थांबले.

स्पीकर आले त्या रविवारी मी पळस्प्याला दादाच्या बंगल्यावर गेले. दुकानदाराने ट्रायलसाठी दोन जोड्या दिल्या होत्या. दादाचा एक मित्र आला होता, त्यातलं कळतं म्हणे त्याला. मीटरपट्टी घेऊन तो भिंतीपासूनचं अंतर मोजत होता, खोके जरासे आत वळवत होता, पुन्हा बाहेर. एका जोडीला बेस आहे पण बाईचा आवाज दबतो, दुसरीत आवाज मोकळा पण पोट नाही, असली चर्चा दुपारभर. सोबत करंजा बंदरावरून आणलेली कोलंबी, तळून.

"भाई, आवाज घुमतोय. मागे काहीतरी जाड पाहिजे."

दादा आत गेला आणि बाबांच्या पलंगावरची गोधडी घेऊन आला. आईच्या नऊवारी लुगड्यांची, आईनेच शिवलेली. भिंतीवर धरून त्यांनी तिला वरून खिळे ठोकले. मित्राने कोलंबीच्या तेलकट बोटांनी तिचा काठ ताणून धरला होता. मला शिसारी आली. मी म्हटलं, "दादा, बाबा ती पांघरतात." तो म्हणाला, "तासाभराचा प्रश्न आहे, इमोशनल होऊ नकोस."

मग आवाज बरोबर पोचतो त्या मधल्या जागेवर सोफा आला आणि सोफ्यावर ते दोघं. बाबांची खुर्ची आड येत होती, ती सरकवत सरकवत उजव्या भिंतीला नेली. बाबांचा डावा कान कधीच गेलाय. आता स्पीकरकडे नेमका तोच होता. दुपारभर बोट-बोट अंतर मोजणाऱ्या त्या दोघांना एवढं कळू नये? बापाला कुठल्या कानाने ऐकू येतं, ते पोटच्या पोराला माहीत नसावं?

दादाने माझ्याकडून आधीच मागवून घेतलेलं गाणं लागलं. मित्र खुशीत म्हणाला, "कॉम्प्युटरवर साफ केलंय मी. बांगड्यांचा आवाज, बायकांची कुजबुज, खोकला, सगळं काढलं. एकदम स्टुडिओ."

आवाज गुळगुळीत होता. धुऊन, पुसून, कोणाचाही असावा असा. बाबांनी मान वळवली, मग उठून खुर्चीच फिरवली, स्पीकरकडे पाठ करून मागच्या भिंतीकडे तोंड, म्हणजे उजवा कान आवाजाकडे. मित्र हसला. दादा उठला आणि लहान मुलाला वळवावं तसं त्यांना खांद्याला धरून पुन्हा समोर वळवायला लागला. "बाबा, असं नाही. समोर बघा, तरच इफेक्ट येतो."

त्या हसण्याची मला इतकी किळस आली की मी भिंतीतला प्लगच उपटला. दादा माझ्यावर ओरडला. बाबांनी त्याला हाताने थांबवलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "कोन गात होती?"

मी मोबाईल काढला, मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि बाबांच्या उजव्या कानाला धरलं. पातळ, खरखरीत आवाज. बांगड्या वाजत होत्या, मागे कोणीतरी हळदीची वाटी मागत होतं. बाबा डोळे मिटून बसले. मध्येच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि दादाकडे बघितलं.

"खोकली बघ," ते म्हणाले. "ही तुझी आय हाय."